तीनदा मिटलेली नोंद

"माझ्या मुलाला कोणीतरी पुसून टाकतंय," बाई खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या.

भाऊजींनी पेपरातल्या शब्दकोड्यावरून मान वर केली. समोर साठीला टेकलेली एक बाई उभी होती. डाव्या मनगटाला प्लॅस्टर, उजव्या हातात कापडी पिशवी. पिशवी अशी धरलेली, की जणू कोणी हिसकावून नेईल.

"बसा काकू," वहिनी म्हणाल्या. "पाणी घ्या. मग सांगा."

वहिनींनी एका विमा कंपनीत बावीस वर्षं दावे तपासले होते. खोटी दुखणी, खोट्या आगी, खोटे नातेवाईक. नवरा गेल्यावर नोकरी सोडून त्यांनी खासगी तपासाची ही दोन खोल्यांची कचेरी थाटली. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून ते रोज सकाळी दहाला इथं हजर होत. मदत करायला येतो असं ते सांगत. भाऊ गेल्यापासून त्यांना घरात करमत नाही, हे वहिनींना माहीत होतं. पण तसं त्या कधी बोलून दाखवत नसत.

काकूंनी पिशवीतून एक फोटो काढला. सोळा वर्षांचा मुलगा, किडकिडीत, वडिलांच्या खांद्याएवढा. वडिलांच्या गळ्यात मापाची टेप.

"हा बारक्या. आमचं एकुलतं एक. आठ वर्षं झाली घर सोडून. ह्यांचं शिवणकामाचं दुकान आहे. त्यानं एका गिऱ्हाइकाचं कापड बिघडवलं, ह्यांनी चारचौघांत कानफटात मारली. पोरगं जे गेलं ते गेलं."

हरवलेल्या माणसांचा शोध घेणारी एक संस्था होती. तिच्या वेबसाइटवर बारक्याचा फोटो आठ वर्षं होता. लोक तो बघून काकूंना फोन करत. अमुक गावी असा मुलगा दिसला. काकू तडक बस पकडून जात.

"दोन महिन्यांपूर्वी अशीच गेले होते. परक्या स्टँडवर पाय घसरला, हे बघा." त्यांनी प्लॅस्टर दाखवलं. "परत आले, आणि दोन आठवड्यांत बारक्याची नोंद साइटवरून नाहीशी झाली."

"मग?"

"मी मोबाईलवरून पुन्हा भरली. दिवसभर दिसली. दुसऱ्या दिवशी गायब. गेल्या आठवड्यात पुन्हा भरली. पुन्हा तेच. तीनदा झालं, बाई. बाकीचे सगळे आहेत तिथं. माझाच तेवढा नाही." त्यांनी फोटो वहिनींपुढे सरकवला. "तो घरातून गेला ते सोसलं. आता त्या यादीतूनही कोणी घालवतंय."

वहिनींनी फोटो अलगद उलटा करून जन्मतारीख वाचली. "मास्तर काय म्हणतात?" शिंपीकाम करणाऱ्या माणसाला सारी गल्ली टेलरमास्तर म्हणते, हे त्यांनी न विचारताच धरून चाललं.

"ते म्हणतात, राहू दे आता. पण त्यांचं मनावर घेऊ नका. दोन वर्षांपूर्वी मशीनचा पार्ट आणायला परगावी गेले, चार दिवसांनी आले ते तापानं फणफणून. पंधरा दिवस दुकान बंद. तेव्हापासून ते असेच. कशातच जीव नाही."

"तुम्ही घरी जा," वहिनी म्हणाल्या. "मी शोधते."

संस्थेचं ऑफिस एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. दोन टेबलं, एक कपाट, आणि भिंतीभर चेहरे. भाऊजींना त्या भिंतीकडे फार वेळ बघवेना.

दाराजवळच्या टेबलावर टायपिस्ट मुलगी बसली होती. काकूंचा विषय निघताच तिचं तोंड आंबट झालं.

"रोज फोन करतात. रोज! एकदा मी फटकन बोलले, ते त्यांनी धरून ठेवलंय. पण नोंद मी काढलेली नाही."

"नवी नोंद आली की तू काय करतेस?"

"ती आधी 'नव्या नोंदी' या पानावर दिसते. लोकांनाही लगेच दिसते, कारण पहिले काही तास महत्त्वाचे असतात. मग मी फोन करून खात्री करते आणि 'मंजूर' दाबते. ते दाबलं की ती मुख्य यादीत जाते."

"काकूंची दुसरी नोंद मंजूर केलीस?"

"केली. हिरवी खूण आली. पण यादीत पाहते तर नाव नाही. मला वाटलं साइट हळू चालतेय."

"आणि गेल्या आठवड्यातली?"

"तेव्हा मी रजेवर होते. बहिणीचं बाळंतपण. साहेबांनीच केलं असेल."

संस्थेचे सचिव आतल्या खोलीत होते. गोलमटोल, नीटनेटके, बोलताना टाचणी इकडून तिकडे ठेवणारे.

"मंजूर मीच दाबलं," ते म्हणाले. "हिरवी खूण आली. पुढचं मला विचारू नका, तांत्रिक बाजू माझ्या डोक्यावरून जाते."

"सचिवसाहेब, जुन्या न सुटलेल्या नोंदी अहवालात वाईट दिसतात का हो?"

सचिवांच्या हातातली टाचणी थांबली. "दिसतात. वरचे लोक विचारतात, आठ-आठ वर्षं काय करता. म्हणून मी एका आईच्या तोंडचं नाव पुसेन? माझ्या खुर्चीमागचा फोटो बघा, बाई. माझा मामा आहे. एकवीस वर्षं झाली."

वहिनींनी फोटो पाहिला आणि हात जोडले. "चुकले. पण विचारणं भाग होतं. साइट नवी आहे ना?"

"चार महिने झाले. जुनी फार कटकट करायची. एका प्रोग्रामरनं करून दिली. चौदा पानांची माहितीही लिहून दिली होती." ते जरा ओशाळले. "वाचायची राहिलीय."

बाहेर पडताना वहिनी टायपिस्टच्या टेबलापाशी पुन्हा थांबल्या. "नवी साइट आली तेव्हा घरच्यांना कळवलं होतं?"

"प्रत्येक घरी पत्र गेलं. त्यात त्या घराचा एक गुप्त आकडा होता, आपली नोंद आपणच बदलायला. पाकिटं मीच चिकटवली. अकरा परत आली, पत्ता सापडला नाही म्हणून." तिनं खणातून अकरा पाकिटं काढली. वहिनींनी ती एकेक करून पाहिली. काकूंचा पत्ता त्यांत नव्हता.

जिन्यात वहिनींनी काकूंना फोन लावला. दोन वाक्यांत बोलणं संपलं.

"काकू म्हणतात, असलं पत्र त्यांना कधी आलंच नाही."

"असं कसं?" भाऊजींमधला पोस्टमास्तर जागा झाला. "साधं पत्र एक तर पोचतं, नाही तर पाठवणाऱ्याकडे परत येतं. क्वचित गहाळ होतं, पण ते अगदीच क्वचित."

"मग ते लक्षात ठेवा," वहिनी म्हणाल्या.

"पण वहिनी, मला वाटतं ती टायपिस्टच. वैताग आला की माणूस काहीही करतो."

"दुसऱ्या वेळी तिनं बटण दाबलं, तिसऱ्या वेळी सचिवांनी. हात दोन, परिणाम एकच. दोघंही एकच खोटेपणा करतील आणि दोघांनाही हिरवी खूण दिसेल? मला हातांचा संशय येत नाही, भाऊजी. हातापलीकडे काय आहे ते बघू."

प्रोग्रामर गावाच्या टोकाला एका खोलीत काम करत असे. चाळिशीतला माणूस, केस विस्कटलेले, बोलणं तुटक. टेबलावर दोन पडदे आणि थंड झालेला चहा.

"तक्रार आली होती," तो म्हणाला. "'रेकॉर्ड डिलीट होतंय.' मी उत्तर दिलं, 'डिलीट होऊच शकत नाही.' त्यापुढे कोणी विचारलं नाही."

"आम्ही विचारतोय. आम्हाला कळेल असं सांगा."

प्रोग्रामरनं जरा विचार केला. "साइट चालवणारी एक तयार सिस्टीम असते. लेख, फोटो, पानं सांभाळते. पण हरवलेल्या माणसांसाठी तिच्यात जागा नव्हती. ती मी वरून जोडली. त्या जोडकामाला एक्स्टेन्शन म्हणतात. आत माहितीचं टेबल असतं, एका माणसाची एक ओळ. पण त्या ओळीला थेट हात लावू द्यायचा नसतो. म्हणून प्रत्येक टेबलासाठी एक क्लास लिहायचा. टेबलाचं नाव काय, ओळ ओळखायची कशी, आत घेताना काय तपासायचं, ठेवायची कशी, काढायची कशी, हे सगळं त्या क्लासात."

"म्हणजे खिडकीवरचा कारकून," भाऊजी म्हणाले. "आत गोदाम, बाहेर लोक, मधे तो."

प्रोग्रामर पहिल्यांदाच हसला. "अगदी तसंच. बरं, हा कारकून कोरा नसतो. सिस्टीम एक पालक क्लास देते. घ्यायचं, तपासायचं, ठेवायचं, काढायचं, हे त्याला येत असतं. आपण लिहितो तो त्याचा मुलगा. बापाचं सगळं त्याला आयतं मिळतं."

"आणि बापाचं एखादं नको असेल तर?" वहिनींनी विचारलं.

"त्याच नावाचं काम स्वतःच्या पद्धतीनं लिहायचं. मग बापाचं चालत नाही. मी इथं दोन कामं अशी बदलली." त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. "एक, डिलीट. त्याच्या आत मी फक्त नकार लिहिलाय. सचिवांनी सांगितलं तरीही मुख्य टेबलातली ओळ पुसली जाणार नाही. हरवलेल्या माणसाची ओळ पुसायची नसते, असं मला वाटलं."

"मग ती गेली कुठं?"

"गेलेली नाही. मिटलीय. घरचा माणूस गुप्त आकडा घालून नोंद मिटवू शकतो. मिटवताना कारण द्यावंच लागतं, नाही तर तपासणीत अडकते. मिटलेली ओळ टेबलात राहते, पण कोणत्याही यादीत दिसत नाही. ऑफिसलाही नाही."

"कारणं कोणती?"

"तीन. घरी परतला. सुखरूप आहे, पण संपर्क नको." त्यानं चहाचा कप बाजूला सारला. "किंवा हयात नाही."



"दुसरं बदललेलं काम?" वहिनींनी हळूच विचारलं.

"तपासणीचं. मुख्य टेबलात ओळ ठेवण्याआधी क्लास जन्मतारीख, आईचं नाव आणि अंगावरची खूण पाहतो. तीच तिन्ही असलेली ओळ आधी मिटलेली असेल, तर नवीही मुकाट्यानं मिटवतो. जुन्या साइटवर एक बाई नवऱ्याच्या मारहाणीतून पळाली होती. सुखरूप असल्याचं तिनं संस्थेला कळवलं, त्यांनी नाव काढलं. नवऱ्यानं चारदा नव्यानं नोंद केली. चौथ्यांदा नोंद पाहून कोणीतरी तिला ओळखलं आणि त्यानं नवऱ्याला फोन केला. म्हणून तो नियम."

"म्हणजे काकूंची नोंद एकदाच कोणीतरी मिटवली. पुढच्या दोन वेळा..."

"माझ्या क्लासनं. मंजूर कोणीही दाबलं असतं तरी."

"त्या ओळीत कारण काय लिहिलंय, ते तुम्हाला दिसतं?"

"दिसतं. सांगणार नाही. त्या बाईंना शब्द दिला होता तसाच प्रत्येक घराला दिलाय."

"मागतही नाही," वहिनी उठल्या.

प्रोग्रामर दारापर्यंत आला. चप्पल घालणाऱ्या वहिनींना तो म्हणाला, "तुम्हाला कळलं तर त्या आईला सावकाश सांगा."

रस्त्यावर येताच भाऊजींनी वहिनींचा दंडच धरला. "वहिनी, पोरगा जिवंत आहे! त्यानंच मिटवली. सुखरूप आहे, संपर्क नको! आईचा हात मोडल्याचं कुठून तरी कळलं असेल, म्हणाला असेल, आता हिनं वणवण करू नये. आपण काकूंना..."

"काकूंना एक अक्षर बोलायचं नाही, भाऊजी." वहिनी एवढ्या कठोरपणे क्वचितच बोलत. मग त्यांनीच आवाज खाली आणला. "गुप्त आकडा त्याच्याकडे कसा येईल?"

 भाऊजींनी तरी आशा सोडली नाही. सगळ्या वाटेवर ते मनातल्या मनात त्या पोराला परत आणत होते.

मास्तरांचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. पायमशीन, कापडाचे तुकडे, आरसा, मागे पडदा, पडद्याआड घर. मास्तर वाकून काज करत होते. त्यांनी नुसतीच मान हलवली.

"नव्या साइटचं काही पत्र आलं होतं का हो, मास्तर?" वहिनींनी सहज विचारलं.

"दुकानात काय, जाहिरातीच येतात," मास्तर म्हणाले. मान वर झाली नाही.

काकू त्यांना आत घेऊन गेल्या. पलंगाखालची पेटी ओढली. आत आठ शर्ट घडी घालून ठेवले होते. प्रत्येकाच्या कॉलरला दुकानाचं लेबल, त्यावर फोन नंबर.

"दर वाढदिवसाला हे एक शिवतात. मीच सांगितलं होतं, येईल तेव्हा अंगात घालायला काही हवं ना. माप अंदाजाचं. पोरगं वाढत असेल, म्हणून दरवर्षी थोडं मोठं." त्यांनी एकेक घडीवरून हात फिरवला. "तो उन्हात तापून घरी यायचा ना, तर शर्ट काढून इथंच फेकायचा. मी ओरडायची. आता वाटतं, फेकावा."

"मी मापं घेऊ?" वहिनींनी विचारलं. काकूंनी टेप दिली. वहिनी मोजत गेल्या, भाऊजी वहीत लिहीत गेले. पहिला, छाती तेहतीस, बाही एकवीस. मग छाती दरवर्षी एका इंचानं वाढत सहाव्याला अडतीस. बाही बावीस, तेवीस करत चोवीसवर येऊन थांबलेली. सातवा, छाती चौतीस, बाही साडेपंचवीस. आठवा, छाती चौतीस, बाही साडेपंचवीस.

"सातवा अंगाला एकदम लहान झाला," वहिनी म्हणाल्या.

"हो, मीही विचारलं. म्हणाले, कापड कमी पडलं."

वहिनींनी सातवा शर्ट परत घडी घातला. घडी जमेना. त्यांनी दोनदा उलगडून पुन्हा घातली. भाऊजींनी वहिनींची घडी अशी चुकताना एकदाच पाहिली होती, भाऊ गेला त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला दोघं पुन्हा दुकानात आले. काकू आत भांडी घासत होत्या. नळाचा आवाज येत होता. वहिनी स्टुलावर बसल्या.

"मास्तर, काकूंनी मला एक प्रश्न दिलाय. उत्तर सापडलंय. ते त्यांचं आहे, त्यांना द्यावंच लागेल. पण आधी तुमच्याशी बोलते."

मास्तरांनी मशीन थांबवलं नाही.

"नोंद तीनदा नाहीशी झाली, पण मिटवणारा हात एकदाच लागला. पुढचं साइटनं आपोआप केलं. त्या एका वेळेला गुप्त आकडा हवा होता. तो पत्रानं आला. भाऊजी, या घराचं पत्र पोस्टमन कुठं टाकेल?"

"पुढच्या दाराला," भाऊजी नकळत म्हणाले. "दुकानात." 

"पत्र परत गेलं नाही आणि काकूंना मिळालं नाही. म्हणजे ते या खोलीत आलं आणि इथंच राहिलं. काकूंचा हात मोडल्यावर दोन आठवड्यांनी तुम्ही नोंद मिटवलीत. इथपर्यंत मला वाटलं, बायकोची वणवण थांबवायला मिटवली असेल. बाप मुलावर रागावलेला असेल, कंटाळला असेल. पण मग मी ते शर्ट मोजले."

मशीनचं चाक मंदावलं.

"सहा शर्ट अंदाजाचे. छाती दरवर्षी बरोबर एक इंच, आकडे सगळे पूर्ण. सातवा साडेपंचवीस. अर्धा इंच अंदाजात येत नाही, मास्तर, मापात येतो. कापड कमी पडलं म्हणालात. तर मग बाही दीड इंच लांब कशी? आणि आठवा नेमका सातव्यासारखा. अंदाज दरवर्षी वाढतो. माप एकदा घेतलं की तिथंच राहतं. तुम्ही त्याला पाहिलंत. सहाव्या आणि सातव्या शर्टाच्या मधे. दोन वर्षांपूर्वी, मशीनचा पार्ट आणायला गेलात तेव्हा. उंच झाला होता, आणि फार वाळला होता. तो असता तर आठव्याचं माप बदललं असतं."

चाक थांबलं. मास्तरांनी सुईखालचं कापड सोडवलं, धागा तोडला, कापड बाजूला ठेवलं. 

"तुम्ही सांगाल तिला?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही सांगितलंत तर मी गप्प राहीन."

मास्तर उठले. पडदा बाजूला करून म्हणाले, "अगं, नळ बंद कर. जरा बाहेर ये."

काकू पदराला हात पुसत आल्या. वहिनींना पाहून त्यांचा चेहरा उजळला. "सापडला का तो पुसणारा?"

"मीच तो," मास्तर म्हणाले.

काकू हसल्याच आधी. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे बदलले.

"बारक्या गेला गं. दोन वर्षं झाली." मास्तर उभेच होते, शाळेत उत्तर देणाऱ्या मुलासारखे, हात बाजूला. "दवाखान्यातून दुकानात फोन आला होता. त्याच्या पिशवीत त्याचा जुना शर्ट होता, इथून जाताना घातलेला. कॉलरला आपला नंबर. मी पोचलो तेव्हा शुद्धीत होता. छातीचा आजार, फार उशिरा आला म्हणाले. मला ओळखलं. म्हणाला, 'बाबा, मी आता बरं शिवतो.' तिकडं एका कारखान्यात शिवायचा."

काकूंनी दाराची चौकट धरली.

"नर्स म्हणाली, ह्याला एखादा धुतलेला सदरा आणा. खिशात टेप होतीच, मी तिनं त्याचं माप घेतलं. पडल्या पडल्या हात वर करून दिला त्यानं, मापाला देतात तसा. हसत होता. मी म्हणालो, सकाळी घेऊन येतो. बाजारातून कापड घेतलं, एका माणसाच्या पाया पडून त्याचं मशीन घेतलं. सकाळी घेऊन गेलो तर... तोच घातला त्याला. शेवटचा."

"मला का नाही सांगितलं?"

"त्यानं शब्द घेतला होता. 'आईला असा मी दाखवू नका. बरा झालो की येतो.' बरा झालाच नाही म्हटल्यावर तो शब्द सुटतो का राहतो, मला कळेना. आणि त्याला घालवला मीच. तू आठ वर्षांत एकदाही मला तसं म्हणाली नाहीस. सांगितलं असतं तर म्हणाली असतीस. त्याला मी भ्यालो."

"आणि मी दोन वर्षं गावोगाव..." काकूंचा आवाज अगदी हळू होता. "एका पोराच्या मागे मैलभर चालले मी. त्यानं वळून पाहिलं, म्हणाला, काय पाहिजे आजी? तुम्ही घरी बसून होतात. तुम्हाला ठाऊक होतं."

"तू हात मोडून आलीस तेव्हा राहवेना. पत्र काढलं, आकडा घातला. तिथं कारण विचारतात. तीन होती. 'घरी परतला' वर बोट ठेवलं आणि उचललं. खोटं लिहवेना. खरं तेच लिहिलं." मास्तरांनी मान खाली घातली. "तिथं लिहिता आलं. तुझ्यापुढं नाही."

काकू चौकटीशी हळूहळू खाली बसल्या. मास्तर पुढे सरकले, तर त्यांनी प्लॅस्टरचा हात आडवा केला. मास्तर होते तिथंच थांबले. भाऊजी दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले. रस्त्यावर कोणी सायकलला हवा भरत होतं, कोणी भाजी निवडून घेत होतं. त्यांना त्या सगळ्यांचा उगाचच राग आला.

बऱ्याच वेळानं आतून काकूंचा प्रश्न ऐकू आला. "कोण होतं त्याच्यापाशी?"

"संध्याकाळपर्यंत मी."

"जेवला होता?"

"दोन घास. मी भरवले."

मग काकू रडल्या. आठ वर्षांत गल्लीनं त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. समोरची दुकानं एकेक करून गप्प झाली.

घरी जाताना भाऊजी म्हणाले, "आपण सांगितलं नसतं तर चाललं नसतं का, वहिनी? निदान तिची आशा तरी..."

"मलाही काल रात्रभर तेच वाटत होतं," वहिनी म्हणाल्या. "पण ती चौथ्यांदा नोंद भरायला बसली असती, भाऊजी. आणि पाचव्यांदा."  आपल्या जिन्याशी आल्यावर त्यांनी कठडा धरला आणि एका पायरीवर बसूनच राहिल्या. भाऊजी शेजारच्या पायरीवर बसले.  

चार दिवस काकू बहिणीकडे होत्या. दुकान बंद होतं. पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला, भाऊजींसाठी. त्या गावची बस कुठून सुटते, पोस्टवाल्यांना सगळी गावं ठाऊक असतात ना?

भाऊजी सकाळीच स्टँडवर गेले. मास्तर आधीच येऊन बाकावर बसले होते, हजामत करून, इस्त्रीच्या कपड्यांत. काकू बहिणीच्या घरून परस्पर आल्या. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. भाऊजींनी काकूंची पिशवी चढवून दिली. त्या खिडकीशी बसल्या. मास्तर त्यांच्या मागच्या सीटवर, हात गुडघ्यांवर ठेवून.

"तिकडं कुठं आहे तो?" काकूंनी खिडकीतून भाऊजींनाच विचारलं, जणू मास्तर तिथं नव्हतेच.

"नदीपलीकडे," मागून मास्तर म्हणाले. "मी दाखवतो."

काकूंनी मान वळवली नाही. इंजिन सुरू झालं. कंडक्टर तिकिटं फाडत त्यांच्यापाशी आला, एकदा काकूंकडे आणि एकदा मागे मास्तरांकडे बघून म्हणाला, "आजी, एकट्याच का? की हे तुमच्याबरोबर?"

काकू खिडकीबाहेर बघत राहिल्या. कंडक्टर खोळंबला. मागच्या सीटवर मास्तरांचे हात गुडघ्यांवर घट्ट झालेले भाऊजींना खालून दिसले.

"बरोबर आहेत," काकू म्हणाल्या. "दोन द्या."